पळसाचे पान कोणी ठेवले?

ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तेथे नदीकाठच्या भोकराच्या झाडावर एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे चिमणीहूनही लहान, शेपटी उभी धरणारी एक पक्षीण. ती दोन पाने शेजारी ओढते, चोचीने त्यांच्या कडांना भोके पाडते आणि शेवरीच्या कापसाचा धागा त्यांतून ओवून पानांची पिशवी शिवते. त्या पिशवीत तिचे घरटे. मुलांनो, हे मी रचून सांगत नाही. एखाद्या रुंद पानांच्या झाडाखाली न हलता-बोलता उभे राहिलात, तर तुम्हालाही असे घरटे दिसेल. मला स्वतःला एकदा दिसले होते. निदान ते घरटेच होते असे मला अजून वाटते.

त्या जंगलात पाणवठ्याजवळ एक सपाट खडक होता. त्याला सगळे देण्याचा खडक म्हणत. ज्याला काही नवे सुचेल, तो त्याचा नमुना तेथे आणून ठेवी. सुगरणीने गवताच्या काडीचा नवा पीळ ठेवला होता, उंदराने चिखलात बिळाचे नवे वळण करून दाखवले होते. नमुन्यावर पळसाचे पान ठेवलेले असेल, तर त्याचा अर्थ असा की, न्या, शिका, हवे तसे बदला, फक्त कोणाचे आहे ते चार जणांत सांगा. बाभळीचा काटा ठेवलेला असेल, तर अर्थ असा की, बघा, मत द्या, पण विचारल्याशिवाय नेऊ नका.

ही रीत खडकाशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या कासवाने घालून दिली होती. ती इतकी साधी होती की तिच्यावरून कधी भांडण झाले नव्हते. येणाऱ्याने पान आहे की काटा आहे, एवढेच पाहायचे. पान ठेवले कोणी, हे पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. कासवालाही नाही.

जांभळे पिकण्याच्या दिवसांत शिंपिणीला एक नवा टाका सुचला. जुन्या टाक्यात प्रत्येक भोकाला वेगळी गाठ मारावी लागे आणि एक घरटे शिवायला नऊ दिवस जात. नव्या टाक्यात एकच लांब धागा वरून खालपर्यंत आत-बाहेर ओवायचा आणि शेवटी एकदाच ओढायचा. पिशवी दोन दिवसांत तयार!

शिंपीण हरखली, पण ती पारखून घेणारी होती. तिने त्या टाक्याने एक रिकामी पिशवी शिवली, फांदीला टांगली आणि तिच्यात जांभळाची एक-एक बी टाकत गेली. सात बिया टिकल्या. आठवी बी पडताच खालच्या भोकातून धागा सर्रकन सुटला आणि सगळ्या बिया जमिनीवर आल्या. तिने पुन्हा शिवली. पुन्हा आठव्या बीलाच सुटला.

"काय चुकतंय ते सुगरणीला विचारते," ती नवऱ्याला म्हणाली. "बोरूच्या बेटातून ती आली की बघेल."

"तोवर आपलं घरटं?" शिंप्याने विचारले.

"जुन्याच टाक्याने. मला घाई नाही."

मग तिने नव्या टाक्याने शिवलेली दोन पाने खडकावर ठेवली, त्यांच्यावर बाभळीचा काटा ठेवला आणि ती आपल्या कामाला निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिंपीण कापूस आणायला चालली होती. वाटेत तिला वटवट्या भेटला. हा शेजारच्या करवंदीच्या जाळीत राहणारा, दिवसभर बोलत असणारा पक्षी. त्याच्या चोचीत धागा होता.

"वहिनी, वहिनी! काय टाका दिलात हो! आमची ही नऊ दिवस कुरकुर करायची, यंदा दोन दिवसांत मोकळी. सगळ्यांना सांगतोय, शिंपीणवहिनींचा टाका आहे म्हणून. नाव घेतल्याशिवाय वापरत नाही, बरं का!"

शिंपीण वाटेतच थांबली. "कोणी दिला तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? खडकावर होता. पान होतं वर."

"काटा होता."

"छे, छे! पान. हिरवंगार पळसाचं पान. कासवआजोबांना विचारून घेतलं मी. ते म्हणाले, पान आहे ना, मग ने की."

शिंपीण खडकाकडे उडाली. तिच्या नमुन्यावर खरोखरच पळसाचे पान होते आणि काटा कुठेच नव्हता. आजूबाजूला करवंदाचे झुडूप, तीन दगड, आणि ऊन खात झोपलेले कासव. वाराही नव्हता, म्हणजे काटा वाऱ्याने उडाला असे म्हणायलाही जागा नव्हती. तिने नमुना उचलला, पान उचलले आणि दोन्ही आपल्या झाडावर नेऊन एका ढोलीत लपवले. नमुना आपला म्हणून. पान पुरावा म्हणून.

आता मुलांनो, येथे तुम्ही म्हणाल, तिने लगेच वटवट्याला सांगायचे ना, की बाबा रे, हा टाका कच्चा आहे, आठव्या बीला सुटतो! तुमचे म्हणणे बरोबर आहे. तिला आठवी बी आठवत नव्हती असेही नाही. पण तिच्या मनात त्याआधी दुसराच प्रश्न येऊन बसला होता : माझा काटा काढला कोणी? आणि तो प्रश्न काही केल्या उठेना. तिला वाटले, आत्ता बोभाटा केला तर चोर सावध होईल. आधी चोर सापडू दे. घरट्यात अजून अंडीसुद्धा नाहीत, वेळ आहे.

वेळ आहे असे वाटते तेव्हा तो खरोखरच असतो का, हे मला या वयातही नक्की सांगता येत नाही.

त्या दिवसापासून शिंपिणीला सगळेच वेगळे दिसू लागले. उंदीर नमस्कार करून गेला तर तिला वाटे, एरवी कधी करत नाही, आज का केला? मैना गप्प बसली तर ती काही लपवते आहे, आणि मैना बोलली तर ती काही काढून घेते आहे. शिंपीण पाठ करून शिवू लागली. कापूस आणायला रोज वेगळ्या वाटेने जाऊ लागली.

"अगं, मी तुझा नवरा," शिंपी एकदा म्हणाला, "माझ्याकडे तरी तोंड करून बस."

"त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता?" शिंपिणीने विचारले.

किडे शोधायला जातो असे सांगून शिंपी लांबच्या झाडावर जाऊन बसला.

इकडे नवा टाका जाळीत पसरला. वटवट्याने आपले घरटे शिवले. दोन तरुण शिंपी जोडप्यांनीही तोच टाका उचलला. वटवट्याच्या बायकोने तीन अंडी घातली आणि ती त्यांवर बसली. एक आठवडा गेला, दुसरा सरत आला. एका सकाळी जाळीतून चिवचिव ऐकू आली. तीन पिल्ले बाहेर आली होती, आणि वटवट्या दर दहा मिनिटांनी चोचभर अळ्या घेऊन जात होता. पिल्ले वाढत होती. म्हणजे जड होत होती.

शिंपिणीला ती चिवचिव ऐकवेना. आज चोर शोधायचाच, असे ठरवून ती थेट कोतवालाकडे गेली.

कोतवाल म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी. त्याला सगळ्यांचे आवाज काढता येत. शिक्र्याची किंकाळी, मांजराचे म्याव, मैनेची बडबड, सगळे हुबेहूब. जंगलात काही नाहीसे झाले की पहिला संशय त्याच्यावर जाई, कारण नक्कल करणारा तो चोरणारा, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते.

"या, या," तो वाळक्या फांदीवरून म्हणाला. "तीन आठवडे वाट बघतोय. मनात म्हटलं, अजून कशी नाही आली ही? बाकी सगळ्यांवर संशय घेऊन झाला वाटतं?"

"काटा तू काढलास."

"मी काय करणार तुझा टाका घेऊन? मी घरटं बांधतो चार काड्यांचं, वाडग्याएवढं. पानं शिवायला माझी चोच बघितलीस का? म्हशीने रांगोळी घालावी तशी गत होईल."

"तू सगळ्यांचं उचलतोस."

"आवाज उचलतो. आणि शिक्र्यासारखा ओरडतो तेव्हा मी शिक्रा आहे असं सांगत फिरत नाही. मैनेला जाऊन विचार, तिचा आवाज काढण्याआधी मी तिला विचारलं होतं की नाही. दोन शिव्या दिल्या तिने आणि मग हो म्हणाली." तो थोडा पुढे सरकला. "ते पान आहे का अजून?"

शिंपीण दचकली. "कुठलं पान?"

"तू ठेवलं असशीलच. तुझ्यासारखी बाई पुरावा टाकून देत नाही. आण, बघू."

तिला ते आवडले नाही, पण ती गेली आणि पान घेऊन आली. ते आता सुकून चुरचुरीत झाले होते. ती ते चोचीतून सोडायला तयार नव्हती, म्हणून कोतवालाने ते तसेच, मान वाकडी करून पाहिले.

"आपण पाखरं पान कुठून आणतो?"

"खाली पडलेलं उचलतो."

"बरोबर. पळसाचं ताजं पान तोडायची ताकद तुझ्यात नाही, माझ्यातही नाही. वटवट्या म्हणाला, पान हिरवंगार होतं. आता देठ बघ."

शिंपिणीने पान फांदीवर ठेवून देठ पाहिला. देठाचे टोक तिरके कुरतडलेले होते आणि त्याच्यावर दोन बारीक खुणा शेजारी-शेजारी होत्या. दातांच्या खुणा.

"पाखरांना दात असतात का गं?" कोतवाल म्हणाला. "तीन आठवडे तू पाखरांवरच डोळा ठेवून बसलीस."

जंगलात झाडावर चढून ताजी पाने कुरतडणारी आणि ती वाटत फिरणारी एकच होती, सगळ्यांची लाडकी खारूताई. शिंपीण खडकाजवळ गेली तेव्हा खार तेथेच होती. कुणाचा निरोप कुणाला दे, कुणाचे बी कुणाला ने, असे तिचे दिवसभर चाले. कासव जागे होते.

शिंपिणीने पान खडकावर टाकले. "हे तुझे दात ना?"

खारीने पान हुंगले. "हो. माझेच," ती म्हणाली, अगदी सहज. "तीन आठवड्यांपूर्वीचं दिसतंय. का गं?"

शिंपिणीने बरीच भाषणे ठरवून आणली होती. चोर इतक्या पटकन कबूल होईल हे त्यांत नव्हते. "माझा काटा तू काढलास!"

"काढला की! अगं, इतका सुंदर टाका, आणि काट्याखाली पडलेला. सगळ्या बायका नऊ-नऊ दिवस चोची झिजवतात आणि तू दोन दिवसांचा टाका असा ठेवून बसलीस. मला राहवेना. म्हटलं, हा सगळ्यांना मिळायला हवा. मला काय त्यातून? एक शेंग तरी घेतली का मी कुणाकडून? विचार कुणालाही."

"मला विचारायचं होतं!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं होतं!"

खार बावरली. तिने शेपटी पुढे ओढून धरली. "पण नाव तर तुझंच सांगितलं मी सगळ्यांना. चोर कधी दुसऱ्याचं नाव सांगतो का? मी चोरलं नाही गं, मी दिलं."

"जे तुझं नव्हतं ते तू दिलंस," कासव म्हणाले. "आणि मी ते देऊ दिलं. वटवट्याने विचारलं तेव्हा मी डोळे उघडून पान आहे एवढंच पाहिलं. पान ठेवणारी ही होती की ती होती, ते पाहिलंच नाही. रीत घालताना मला वाटलं होतं, पान खोटं कसं असेल?"

"आजोबा, टाका कच्चा आहे," शिंपीण एकदम म्हणाली.

"म्हणजे?"

"मी बिया घालून पाहिलं होतं. सात बिया टिकतात. आठवीला खालचा धागा सुटतो. सुगरणीला दाखवायचा होता, म्हणून काटा ठेवला होता मी. ती अजून आलेली नाही."

खारीच्या पंजांतून शेपटी सुटली. कासवाने मान पूर्ण बाहेर काढली. ते हळू बोलत असे, पण आता ते आणखी हळू बोलले.

"पोरी, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

शिंपिणीने खाली पाहिले. "पहिल्या दिवसापासून."

जाळीतून तीन पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. तिघांनीही ती ऐकली.

शिंपीण जाळीकडे उडाली. वटवट्याची बायको घरट्याच्या तोंडाशी बसली होती. पिशवी वाऱ्याने हलत होती, आणि खालच्या कडेला दोन पानांमध्ये करंगळीच्या नखाएवढी फट पडलेली शिंपिणीला दिसली.

"वहिनी, पिल्लं बाहेर काढायला हवीत, नाहीतर मला खालून शिवू द्या. टाका सुटतोय."

"अस्सं?" वटवट्याची बायको जागची हलली नाही. "तीन आठवडे तोंड फिरवून बसला होतात. समोर आलात तर वाट बदलत होतात. खडकावरून नमुनासुद्धा उचलून नेलात, म्हणजे आणखी कोणाला मिळायला नको. आणि आज अचानक टाका सुटतोय?"

"खरं सांगते मी."

"तुमचं स्वतःचं घरटं कुठल्या टाक्याचं आहे हो?"

शिंपिणीची नजर आपल्या भोकराच्या झाडाकडे गेली.

"जुन्या! मी पाहून आले आहे. म्हणजे एकतर तुम्हाला तेव्हाच माहीत होतं आणि आम्हाला मरू दिलंत, नाहीतर आज तुम्ही जळून खोटं बोलता आहात. दोन्हींतलं कुठलं ते सांगा, मग पिल्लांना हात लावा."

जी वस्तू शिंपिणीच्या हातून परस्पर निघून गेली होती, तिच्याबद्दल तिच्याच शब्दाला आता किंमत उरली नव्हती. आणि जी थोडीफार उरली असती, ती तिने स्वतःच तीन आठवडे गप्प बसून घालवली होती.

ती परत गेली आणि आपली परीक्षेची रिकामी पिशवी त्याच टाक्याने पुन्हा ओवून, ओढत घेऊन आली. कोतवालाने तिला दुसऱ्या बाजूने चोच लावली. पिशवी तिने वटवट्याच्या घरट्यासमोरच्या फांदीला टांगली. खार गालफडांत जांभळाच्या बिया भरून धापा टाकत आली.

"बघा," शिंपीण म्हणाली. "हाच टाका आहे ना? नीट बघा, नाहीतर म्हणाल मी बदलून आणला."

वटवट्याच्या बायकोने टाका पाहिला. तोच होता. शिंपिणीने बिया टाकायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. पिशवी ताणली गेली. वटवट्या अळी तोंडात धरून तसाच उभा होता. त्याच्या जन्मात तो इतका वेळ गप्प बसला नव्हता. सहा. सात.

आठवी बी पडली आणि धागा सर्रकन सुटला. बिया करवंदीच्या काट्यांतून टपटपत खाली गेल्या.

"आठ बिया म्हणजे किती पिल्लं?" वटवट्याच्या बायकोने विचारले.

"तीन. आज नाही तर उद्या तेवढी जड होतील."

ती घरट्याच्या तोंडातून बाजूला झाली. "शिवा."

पण शिवणे सोपे नव्हते. जुना धागा काढल्याशिवाय नवी गाठ बसेना, आणि धागा काढला तर पाने उघडून पिल्ले खाली येणार. तेवढा वेळ कोणीतरी खालून पिशवीला आधार द्यायला हवा होता. पाखरांना ते जमण्यासारखे नव्हते. सगळ्यांच्या नजरा खारीकडे वळल्या, आणि लगेच दुसरीकडे गेल्या. खार घरट्याजवळ आली तर आई तिला चोची मारून हाकलते, ही जाळीतली जुनी गोष्ट. भुकेली खार अंडीही सोडत नाही, असे सगळे म्हणत. पिल्लांच्या खाली खार!

खार फांदीच्या खालच्या टोकाला थांबली. यापूर्वी ती सरळ वर चढली असती; चांगल्या कामाला परवानगी कशाला, असे तिला नेहमीच वाटत आले होते. आज ती तेथेच थांबली.

"वहिनी," ती म्हणाली, "मी पाठ लावू का?"

वटवट्याच्या बायकोने घरट्याकडे पाहिले. फट आणखी रुंदावली होती. आत एका पिल्लाचा गुलाबी पाय दिसत होता.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी इथूनच परत जाईन," खार म्हणाली.

"लाव," वटवट्याची बायको म्हणाली. "पण मी तुझ्या डोक्याशी बसणार आहे. मान वळवलीस तर डोळा फोडीन."

"बसा," खार म्हणाली.

खार घरट्याखालच्या फांदीला घट्ट धरून राहिली आणि तिने पाठ पिशवीखाली लावली. शिंपिणीने धागा काढला. पाने उघडली आणि तीन पिल्ले पानांसकट खारीच्या पाठीवर आली. खार हलली नाही. तिच्या मिशासुद्धा हलल्या नाहीत. चिवचिव ऐकून वर एक शिक्रा घिरट्या घालू लागला, तेव्हा कोतवाल उंच उडाला आणि त्याने गरुडाची आरोळी अशी ठोकली की शिक्रा नदीपार निघून गेला.

शिंपिणीने खालच्या तीन भोकांना जुन्यासारख्या वेगळ्या गाठी मारल्या आणि वर नवा लांब धागा ओवला. ते करता करता तिच्या लक्षात आले की जे विचारायला ती सुगरणीची वाट पाहत होती, ते हेच होते. खाली जुना टाका, वर नवा. पिशवी ताठ उभी राहिली. खारीने पाठ काढली, तरी पिशवी तशीच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं ना, पहिल्या दिवसापासून?" वटवट्याच्या बायकोने विचारले.

"होतं," शिंपीण म्हणाली.

वटवट्याची बायको पिल्लांजवळ आत गेली. ती "बरं" म्हणाली नाही, की "जाऊ दे"ही म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. संध्याकाळपर्यंत शिंपिणीने बाकीची दोन घरटीही तशीच शिवून दिली. त्यांत अजून अंडीच होती.

काही दिवसांनी सुगरण आली. तिने सुधारलेला टाका ओढून पाहिला, पिशवीत बारा बिया घातल्या, मग पंधरा घातल्या, आणि "आता कोणालाही दाखव," असे सांगून गेली. कासवाने खडकावरच्या रीतीत एक भर घातली. पान किंवा काटा ज्याचा नमुना त्यानेच ठेवायचा, आणि तो ठेवताना कासवाला जागे करायचे. हे पुरेसे होईल का, अशी शंका त्याला होती. ते म्हणाले, माझी ही शंका बहुधा मरेपर्यंत जाणार नाही.

शिंपिणीने कासवाला जागे केले. तिने आपला टाका खडकावर ठेवला. मग तिने दोन्ही झाडांकडे पाहिले. बाभळीखाली काटे पडले होते आणि पळसाखाली पाने पडली होती. तिने एक पान उचलून आणले आणि नमुन्यावर ठेवले. पान तसेच होते, पळसाचेच. ठेवणारी चोच तेवढी वेगळी होती.

पाखरे येऊन टाका पाहून गेली आणि शिकून गेली. खारही आली. "मी लांबच्या रानात नेऊन दाखवला तर चालेल?" तिने विचारले.

"पान आहे ना," शिंपीण म्हणाली.

"तरी विचारते."

"ने. खालच्या तीन गाठींचं मात्र विसरू नकोस."

खार गेली. शिंपीण करवंदीच्या झुडपात बसून खडकाकडे पाहत राहिली. ऊन कलले तरी ती हलेना.

"जा आता घरी," कासव म्हणाले. "मी आहे जागा."

"जाते हं," शिंपीण म्हणाली. "जरा बघते, आणि जाते."

तात्पर्य : दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता सगळ्यांना वाटणे म्हणजे दान नव्हे, मग हेतू कितीही चांगला असो आणि नाव त्याचेच घेतलेले असो, आणि आपल्या वस्तूतला धोका ठाऊक असणाऱ्याने चोर सापडेपर्यंत गप्प बसू नये.